साल टाकायची नाही

अख्ख्या कोल्हापुरात बटाट्याच्या सालीवरून माणसाची पारख करणारा एकच इसम होऊन गेला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. पलटणीच्या मेसमध्ये रांधण्यात त्यांची उमर गेली. लढाईच्या दिवसांत परदेशी असताना कुठल्याशा गोऱ्या साहेबाने त्यांना एक पदार्थ शिकवला, आणि पेन्शनीत आल्यावर मंगळवार पेठेतल्या घरी बसून त्यांनी तो आम्हां सगळ्यांच्या मानगुटीवर बसवला. ही हकीकत मी हसत सांगायला घेतोय खरा, पण शेवटपर्यंत हसायला जमेल असं वाटत नाही.

घरात भट्टी तेव्हा कुणाच्या बापाने पाहिली होती? उन्हाळ्यात बायका नानकटाईचे पत्रे घेऊन गल्लीच्या टोकाला असलेल्या बेकरीत जात आणि पाव निघाल्यावर उरलेल्या धगीवर बेकरीवाले चाचा ती भाजून देत. त्या बायकांच्या रांगेत, डोक्याला फेटा, मिशांना पीळ आणि हातात मीठ चोळलेल्या बटाट्यांचा पत्रा, असे आमचे सासरे उभे! भाजलेले बटाटे तिथल्याच फळीवर उभे चिरायचे, गर चमच्याने कोरून घ्यायचा, पण साल फाटता कामा नये. मग सालीला आतून-बाहेरून लोणी लावून ती रिकामीच पुन्हा भट्टीत. कडक झाली की तिच्यात गर, परतलेला खिमा, कांद्याची पात, मिरपूड आणि वर मिलिटरी कँटीनच्या डब्यातलं चीज किसून तिसऱ्यांदा भट्टीत. चाचा त्यांना लाडाने सुभेदार म्हणत. "सुभेदार, येवढ्या वेळात बकरा शिजतोय की," असं ते म्हणाले की हे फणकारत, "बकऱ्याला अशी साल असती काय?"

आता खाणारे कोण, तर आम्ही कोल्हापूरकर. वाटीतलं खाऊन वाटी बाजूला ठेवायची, एवढं आम्हांला कळतं. येणारा प्रत्येक पाहुणा भाकरीच्या तुकड्याने आतला खिमा चाटूनपुसून खाई आणि सालीचा द्रोण ताटाच्या कडेला नीट मांडून ठेवी. झालं, ह्यांचं डोकं फिरे! लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मीही तेच केलं. "पावणं, त्यो द्रोण न्हाय!" ते माझ्या कानाशी गरजले. "आतला बटाटा कुणीबी उकडतंय. सगळी कला सालीत हाय. खावा!" खाल्ली बापडी. कुरकुरीत, खारट, लोण्याने माखलेली, आणि खरं सांगतो, झकास लागली. पण समोर फेटेवाला माणूस पहाऱ्याला उभा असताना घास उतरतोय कुठला? त्यांच्या मुलीला बघायला आलेल्या एका घराण्याने साली ताटात ठेवल्या, तर जमत आलेली सोयरीक ह्यांनी उंबऱ्यावर उभं राहून मोडली. म्हणाले, "ज्यास्नी साल पचत न्हाय त्यास्नी माझी पोरगी काय पचणार?"

पण जगाने साल खाल्ली काय आणि टाकली काय, त्यांचा खरा हट्ट होता काकींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. एवढ्या संसारात काकींनी ती एकदाही तोंडात घातली नव्हती. "आवं, साल जनावराला घालत्यात," असं म्हणून त्या सगळ्यांच्या ताटांतल्या साली गोळा करत आणि मागच्या गोठ्यात म्हशीच्या बादलीत टाकत. ह्यांचा जीव तुटे. "एकदा खा गं. एकदाच. मग मी मराय मोकळा." काकी पदराआड हसत. "मग तर मुळीच खायाची न्हाय."

आणि त्या काकींच्या घशाला गाठ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी ह्यांना एकट्याला आत बोलावून काय ते सांगितलं. घरी आल्यावर पेज, ताक, पुढे नुसतं पाणी. सबंध गल्लीला ऐकू जाणारा ह्यांचा आवाज बसला तो बसलाच. बटाटे, बेकरी सगळं बंद. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो, तर काकींनी मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज म्हणजे नुसता वारा. "त्यास्नी सांगा, मला साल खायाची हाय."

मी सांगितलं. त्यांनी पत्रा उचलला आणि भर उन्हात अनवाणी बेकरीकडे गेले. परत आल्यावर सालीचा नखाएवढा तुकडा मोडून त्यांनी काकींच्या ओठांशी धरला. काकींनी तो घेतला आणि कितीतरी वेळ घोळवत राहिल्या. गिळवेना. शेवटी ह्यांनी तळहात पुढे केला आणि काकींनी त्यात तो हळूच टाकला. "चांगली हाय की," त्या म्हणाल्या. "उगंच ऐकलं न्हाय तुमचं." ह्यांनी मूठ मिटली. "अगं, तू खाल्लीस की मी जायाचं ठरलंतं. तू न्हवं." मला रडू आवरेना, मी उठून गोठ्याकडे गेलो.

काकी गेल्या. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड मांडला. शेजारी ह्यांनी स्वतः भरून भाजलेली साल ठेवली. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली उतरेना. मुलीने शब्द दिला की बाबांना अंतर देणार नाही. काकींच्या भावाने सांगितलं, म्हस कुणाला विकू देणार नाही. कावळे हलेनात. ऊन चढलं, भटजी दर्भाचा कावळा करायचं बोलू लागले. तेव्हा हे पुढे झाले. फेटा काढून काखेत धरला, हात जोडले आणि म्हणाले, "ह्यापुढं कुणालाबी साल खायाचा आग्रह करणार न्हाय. लई छळलं तुला. जा आता."

कावळा उतरला! सरळ पिंडाला शिवला. सालीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मला हसू फुटलं आणि त्याच दमात हुंदका आला. आजूबाजूच्या चार माणसांचंही तेच झालं असावं, कारण सगळेच नदीकडे तोंड करून उभे राहिले.

वर्ष सरल्यावर त्यांनी पुन्हा पत्रा उचलला. आम्हांला जेवायला बोलावलं. चव तीच, लोणी तेच, कांद्याची पातही तशीच बारीक चिरलेली. वाढून झाल्यावर ते भिंतीला टेकून गप बसले. मंडळींनी खिमा खाल्ला, साली बाजूला ठेवल्या. मी मात्र एक साल खिम्यासकट खाल्ली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं. मग दुसरीतलं सगळं पुसून खाल्लं आणि साल ताटाच्या कडेला मुद्दाम, त्यांना दिसेल अशी मांडून ठेवली. म्हटलं, आता तरी ओरडतील. एकदा ओरडावं, बास, एवढंच माझं मागणं होतं.

ते उठले. सगळ्यांच्या ताटांतल्या साली गोळा केल्या, त्यांतच माझीही घेतली आणि मागे जाऊन म्हशीच्या बादलीत टाकल्या. हात धोतराला पुसत आत आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "पावणं, च्या घेणार न्हवं?"