ड्रॅगनची सराई आणि पाण्याचा घोट

माझं तोंड बंद राहत नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन लातूरकडून इकडे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, बरं झालं, आमचा मुलगा घुमा आहे, घरात आवाज तरी राहील. हे महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला डाय फिटर होते, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनला साचे बसवायचे. तिथे मशीनचा आवाज इतका की दिवसभर कुणी कुणाशी बोलतच नाही, नुसत्या खुणा. घरी आले की मी बोलायची आणि हे ऐकायचे. तीस वर्षं आमचं असं छान चाललं.

रिटायर होऊन सहा महिने झाले नाहीत तोच ह्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. पुढे चालायला लागले, हातातही थोडी ताकद आली, पण बोलणं अडकलं ते अडकलंच. समजतं सगळं. शब्द आत तयार असतो, बाहेर यायला वेळ लागतो. "भाजी काय करू?" असं विचारलं की उत्तर यायला एक मिनिट. आता एक मिनिट म्हणजे माझ्यासारखीला केवढं झालं! तेवढ्यात मीच म्हणायची, "दोडका करते, हलका असतो. चालेल ना?" हे मान हलवायचे. बँकेत, दवाखान्यात, लिफ्टमध्ये कुणी ह्यांना विचारलं, कसे आहात, की "बरे आहेत, पुष्कळ फरक आहे" हे मी सांगायची.

बोलायचे व्यायाम घ्यायला एक मुलगी यायची. ती एकदा म्हणाली, "काकू, प्रश्न मी काकांना विचारलाय. तुम्ही मनात वीसपर्यंत मोजा आणि मग बोला." मी सातच्या पुढे कधी गेले नाही. मला वाटायचं, मी ह्यांना मदतच करतेय. ह्यांचे कंपनीतले एक जोडीदार आपल्या थोरल्या लेकीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले, "काय भाऊ, येताय ना?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही हो जमायचं, गर्दी सोसत नाही ह्यांना." ते गेल्यावर बघितलं, ह्यांचा चहा तसाच होता. वर साय धरली होती. नंतर नंतर हे प्रयत्नच करेनासे झाले. कुणी काही विचारलं की माझ्याकडे बघायचे. त्या बघण्याची मला धास्ती वाटायला लागली. माणूस डोळ्यांदेखत माझ्या आड चालला होता, आणि आडोसा मीच होते.

आमची मुलगी मारुंजीला राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. रविवारी दुपारी मोशीला आमच्याकडे येते. एका रविवारी ती एक पिशवी घेऊन आली. आत कागद, पेन्सिली आणि रंगीत फासे. आपल्या सापशिडीतल्या फाशाला सहा बाजू असतात, ह्यातल्या एकाला चक्क वीस.

"हे काय गं?"

"खेळ आहे, आई. सोंगट्या नाहीत, पट नाही. मी गोष्ट सांगायची, तुम्ही त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि काय करता ते बोलायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार."

"कसली माणसं?"

"पूर्वी राक्षस मारलेली, खजिने शोधलेली. आता म्हातारी झालीत, गुडघे दुखतात, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी सराई चालवतात. रिटायर झालेल्यांचा खेळ आहे, तुमच्यासाठीच."

शेजारीणबाईंनाही बोलावलं. ह्या अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, आयुष्यभर मुलांना "खोटं बोलू नये" शिकवलेल्या, आणि त्यांनी काय व्हायचं ठरवलं तर चोर! "निवृत्त चोर," म्हणाल्या, "पण हात अजून साफ आहे." मी झाले अर्धे मंत्र विसरलेली जादूगारीण. ह्यांच्यासाठी मुलीने ड्रॅगन मारणारा योद्धा काढला. उजव्या हाताला जुनी जखम, म्हणून तलवार भिंतीवर टांगलेली, आता सराईचा आचारी.

नियम तिने एकच सांगितला, पण माझ्याकडे बघून सांगितला. "ज्याचं त्याने बोलायचं. दुसऱ्याने सांगितलं तर ते गोष्टीत घडत नाही."

घडलं नाहीच. सराईत पाहुणे आले, मुलगी म्हणाली, "बाबा, आचारी काय करतो?" मी म्हटलं, "चूल पेटवतो." मुलगी म्हणाली, "बाबा बोलले नाहीत. चूल थंड." पुढे मी म्हटलं, पाहुण्यांना रामराम करतो. "नाही केला." दोन तासांचा खेळ झाला. चोरबाईंनी एका सरदाराची अंगठी लांबवली, मी चुकून बकरीची कोंबडी केली, आणि आमचा योद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत सराईच्या खांबाला टेकून उभा.

"भाऊजी, खांब पडेल म्हणून धरलाय का?" शेजारीणबाई म्हणाल्या.

हे हसले. पण सगळे गेल्यावर मी कप उचलायला आले तर हे तो वीस बाजूंचा फासा डाव्या हातात घोळवत बसलेले. मी काही विचारणार होते, तोंड उघडलंही होतं. तेव्हाच मी ठरवलं. पुढच्या रविवारी ह्या माणसाला खांबापासून सोडवायचं. आणि त्यासाठी मला काही करायचं नव्हतं, एक सोडायचं होतं.

नुसतं ठरवून माझं तोंड मिटणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून पुढच्या रविवारी तांब्या-भांडं जवळ घेऊन बसले. ह्यांची पाळी आली की पाण्याचा एक घोट घ्यायचा आणि गिळायचा नाही. तोंडात पाणी असल्यावर कोण बोलणार? शेजारीणबाईंनी लगेच ओळखलं. "ताई, गाल फुगलेत, दाढ दुखतेय का?" मी हातानेच गप्प बसा म्हटलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, आज सराईत जेवायला काय आहे?"

पंख्याचा आवाज येत होता. खाली रस्त्यावर बस थांबली, सुटली. मी मनात मोजत होते. वीस झाले, तीस झाले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तोंडातलं थोडं नाकात गेलं. ह्यांचे ओठ हलले.

"दोडका," हे म्हणाले. थांबले. मला वाटलं झालं. पण हे अजून बोलत होते. "दोडका... नको."

शेजारीणबाई टेबलावर हात आपटून हसल्या. "ताई, दोन वर्षं दोडका खातायत हो बिचारे!" मी घोट गिळला आणि मीही हसले, पण आतून लाज वाटली. दोन वर्षं मी "चालेल ना" म्हणत होते.

त्या दिवसापासून घरात दोडका बंद. घोट मात्र चालू. सकाळी भाजी विचारायची, घोट घ्यायचा. पेपर दाखवून काय आलंय विचारायचं, घोट घ्यायचा. कधी उत्तर यायचं, कधी हे चिडून पेपर ढकलायचे. एकदा रागाने भांडंच पाडलं. मी फरशी पुसली, भांडं परत भरलं. मागे हटायचं नाही एवढंच डोक्यात होतं.

तीन-चार रविवार गेले. मग एका दुपारी मुलीने गोष्टीत ड्रॅगन आणला. तोच, ज्याला ह्यांच्या योद्ध्याने तरुणपणी जखमी करून सोडलं होतं. आता तोही म्हातारा झालेला, एक पंख लुळा. सराईच्या दारात उभा राहून म्हणतो, थंडी फार आहे, रात्रीपुरती जागा द्या.

"मारा त्याला!" चोरबाई ओरडल्या. "नाहीतर सगळी सराई जाळेल."

"बाबा, दारात तुम्ही आहात. काय करता?"

मी घोट घेतला. मला तर किती सुचत होतं! आत घे म्हणावं, कांबळं दे म्हणावं. हे दाराकडे बघत होते, आमच्या खऱ्या दाराकडे, जणू तो बाहेर उभाच आहे. उजवा हात मांडीवर होता. हळूहळू ह्यांनी तो वर उचलला, तळवा पुढे केला, कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला करतो तसा.

"माचिस..." हे म्हणाले. "माचिस... बाहेर."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग मला कळलं. कंपनीच्या गेटवर आत जाताना माचिस, विडी, तंबाखू काढून ठेवावी लागते. तीस वर्षं ह्यांनी ती तपासणी दिली होती. ड्रॅगनला म्हणत होते, आग बाहेर ठेव आणि ये. तोंडातलं पाणी मी आवरू शकले नाही, सगळं कागदांवर. आणि पाणी सुटल्याबरोबर तोंडही सुटलं. "म्हणजे ह्यांचं म्हणणं असं आहे की ड्रॅगनने..."

"थांब."

इतकं स्वच्छ मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मी... बोलतोय."

मुलगी मान खाली घालून ओले कागद पुसत राहिली. बराच वेळ पुसत राहिली. हे पुढे अडखळत अडखळत बोलले. पंख लुळा आहे, खालची खोली द्या. तेवढंच. ड्रॅगन आत आला, अजून आमच्या सराईतच आहे, बंब तापवायच्या कामाला.

परवा खाली पार्किंगमध्ये हे चकरा मारत होते, मी सोबत होते. तेच जोडीदार गाडीवरून उतरले, हातात पत्रिका. "धाकटीचं हाय भाऊ, साखरपुडा. आता ह्या खेपेला तरी येताय का न्हाई?" विचारलं ह्यांना आणि बघितलं माझ्याकडे. सवयच लावली होती मी सगळ्यांना.

माझ्याजवळ तांब्या नव्हता, बाटली नव्हती. मी दात आवळले आणि वळून गाड्यांचे नंबर वाचत उभी राहिले. पाच गाड्या वाचून झाल्या. सहावी वाचली. जोडीदार म्हणाले, "वैनी..." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"येतो," मागून आवाज आला. मी सातव्या गाडीचा नंबर वाचत होते. "पण... गाडी... पाठव."

"अरे पाठवतो की राव! दोन पाठवतो!"

वर आल्यावर मी विचारलं, साखरपुड्याला मी कोणती साडी नेसू. हे खुर्चीत बसले, विचार करायला लागले. मी तांब्या-भांडं घेतलं आणि समोर बसले.