खरवडलेल्या भिंतीची तक्रार

ती भिंत आजही डोळ्यांसमोर उभी राहते.

रायपुरात इंग्रजांच्या काळातला एक लाल विटांचा बंगला आहे. कमानींचा वरांडा, हातभर जाड भिंती. सरकारने त्याची दुरुस्ती काढली होती. मी आठवी शिकलेला, शिपायापासून चढत सहायक उपनिरीक्षक झालेला. तपास माझ्याकडे आला.

ठेकेदाराची तक्रार अशी, की विटांच्या सांध्यांत भरलेले नवे सिमेंट दर सोमवारी खरवडलेले सापडते. संशय चौकीदारावर. ठाणेदारसाहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत कबुली घ्या." चौकीदार नुसता रडून राहिला होता, "साहब, मेरी नौकरी चली जाएगी." त्याला बाकावर बसवून मी बंगल्यावर गेलो.

भिंतीवरून हात फिरवला. सिमेंट पुरते निघाले होते, पण एकाही विटेची कड उडाली नव्हती. खुन्नस काढणारा कडा सांभाळत नाही. हे काम मिस्त्रीच्या हातचे.

समोरच्या चहावालीला विचारले, "दीदी, रविवारी कोण येते इथं?"

"म्हातारा मिस्त्री. चौकीदार जेवायले गेला की येते. ठेकेदारानं काढून टाकला ना त्याले. पण त्याले मारू नका, भैया."

म्हातारा भनपुरीला सापडला. छन्नी पिशवीतच होती. ठाण्यात आणून मी दरडावले, "काहून केलं हे?"

"सिमेंट ह ईंटा ल खा जाही, साहेब."

मग सिमेंट विटेला कसे खाते, ते त्याने सगळे सांगितले. जुनी वीट नरम, चुन्यात बांधलेली. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद होते, वीट आतून कुजते. हेच ठेकेदाराला सांगितले म्हणून काम गेले. शेवटी बाकावरच्या चौकीदाराकडे बोट दाखवून, त्याला सोडा म्हणाला, "ओला छोड़ दव. ओकर कोनो गलती नइ हे."

मी सरकारी इंजिनिअरला भिंतीपाशी नेले. त्याने एका जागचे, पावसाळ्याआधी भरलेले आणि अजून शाबूत असलेले सिमेंट काढले, तर आतली ओली वीट बोटाने भुगा होऊन पडली. ठेकेदाराने तक्रार मागे घेतली. चौकीदार त्याच दिवशी कामावर गेला. म्हाताऱ्याला चुन्याच्या कामावर परत बोलावले.

घरी येऊन बायकोला ही हकीकत सांगितली. आमच्या स्वयंपाकघराची भिंतही जुनी, चुन्याची. मीच तिच्यावर सिमेंट थापले होते. ओल येते, मसाल्याचे डबे गंजतात, असे ती दोन वर्षे सांगत होती. मी म्हणायचो, "तुले काय समजते?"

ती हसली. "आरोपीचं ऐकता, माझं नाही. आता खरवडा."

म्हटले, रिटायर झालो की करतो. झालो. केले नाही.

ती यंदा गेली. तेरावे झाल्यावर मी छन्नी घेतली. चार दिवस लागले, कडा सांभाळून. जन्मभर लोकांना बोलते केले. घरात न विचारता सांगणारी होती, तिचे ऐकले नाही. एवढे मला त्या केसने शिकवले, पण उशिरा.

भिंत आता कोरडी आहे. डबे परत तिथेच लावले.