उजवीकडचा रकाना

नव्वदचं दशक सरत होतं. डोंबिवलीतल्या आमच्या गणेश मंडळाचं वेबपेज मी बनवत होते. तयार साचा घेतलेला: मधे गणपती, उजवीकडे अरुंद रकाना. अध्यक्षांनी फर्मावलं, "बॅनरवर असतात तसे सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो त्या रकान्यात टाक."

टाकले. रकाना असा फुगला की गणपती पार कडेला चेपला गेला. माझं डोकंच फिरलं. साच्याचा कोड उघडला आणि चुकत, खोडत, पुन्हा लिहीत मी रकान्याची रुंदी बांधूनच टाकली. फोटोंनाही तेवढ्यातच बसवलं. चेहरे तिळाएवढे झाले.

अध्यक्ष स्क्रीनला नाक लावून म्हणाले, "अगं, मी कुठाय यात?"

"बाप्पाच्या शेजारीच आहात, काका," मी म्हटलं. "तिथे माणूस एवढाच दिसतो."