ज्याची तक्रार, त्याची सही

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर चिडलेली माणसं जगात कोट्यवधी असतील, पण त्यांच्या नावाने तक्रार क्रमांक टाकून, फाइल उघडून, रीतसर चिडलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. गेल्या उन्हाळ्यात हे मामा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत एर्लांगेनला आले होते. लोक आपल्या वडीलधाऱ्यांना इकडे आणून राजवाडे दाखवतात, बर्फ दाखवतात, बोटीत बसवून फोटो काढतात. आमच्या मामांनी एक दिवस न्युरेम्बर्गचा किल्ला पाहिला, "दगड चांगला आहे" एवढंच म्हणाले, आणि उरलेले एकोणनव्वद दिवस आमच्या सोफ्यावर मांडी घालून त्या अध्यक्षांच्या मागे लागले. सकाळी सातला एका हातात चहा, दुसऱ्या हातात वीतभर लांब धरलेला फोन आणि मग सगळ्या घराला ऐकू जाईल असा आवाज, "घ्या! आज परत युद्ध संपवलं ह्याने!"

मामांची सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात झाली. तिथे गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनत, आणि मामा क्वालिटीचे मुख्य होते. या धंद्यात गिऱ्हाइकाकडून तक्रार आली की आठ रकान्यांचा एक फॉर्म भरावा लागतो. काम कोण करणार, नेमकं बिघडलं काय, तूर्तास काय उपाय केला, मूळ कारण काय, कायमचा उपाय कोणता, तो केला का, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, असं करत शेवटच्या रकान्यात ज्यांनी काम केलं त्यांचं अभिनंदन. त्याखाली मामांनी आपल्या हाताने एक नववी ओळ वाढवली होती, तक्रारदाराची सही. मालक म्हणायचे, "अहो, मिटलं म्हणून टाका आणि पाठवा." मामा म्हणायचे, "ज्याची तक्रार, त्याची सही." एकदा तर फक्त तेवढ्यासाठी ते लाल एसटीने नाशिकला गेले आणि तिथल्या फोरमनची जेवणाची सुट्टी संपेपर्यंत गेटबाहेर उन्हात उभे राहिले. सही घेतली, पाणीसुद्धा न पिता परत आले, आणि ही हकीकत आम्हाला त्या तीन महिन्यांत किमान अकरा वेळा ऐकायला मिळाली.

अशा माणसाबरोबर एका घरात राहणं सोपं नसतं. बायकोच्या पोळीची कड कच्ची राहिली की मामा ती उजेडाकडे धरून म्हणत, "मुग्धा, ही रिपीट कंप्लेंट आहे हो." स्टेशनवर गाडी उशिरा येणार अशी घोषणा झाली की मला तिचा अर्थ सांगावा लागे आणि मग प्रश्न सुरू होत. सिग्नल बिघडला म्हणून उशीर. सिग्नल का बिघडला? केबल जुनी. जुनी केबल का ठेवली? पाचव्या "का"ला मी गप्प बसायचो आणि मामा विजयी मुद्रेने म्हणायचे, "गेनाऊ!" 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा जर्मन भाषेतला हा एकच शब्द त्यांनी पहिल्या आठवड्यात उचलला होता आणि तो ते कुठेही लावत. कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांवर मात्र त्यांचा फार जीव जडला. तिथे उभं राहून ते शेजाऱ्यांच्या पिशव्यांकडे इतक्या प्रेमाने बघत की वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी मला हळूच विचारलं, तुमचे पाहुणे महापालिकेतून आलेत का?

पण हा सगळा वरवरचा खेळ होता. खरी फाइल अध्यक्षांची. त्यांनी एखादी घोषणा केली की मामा नवा फॉर्म काढत आणि रकान्यांसमोर शून्य मांडत जात. "मूळ कारण कुठे लिहिलंय? कायमचा उपाय? काही नाही! हा गृहस्थ फॉर्म भरायला घेतो तोच शेवटच्या रकान्यापासून. आधी अभिनंदन! तेही स्वतःचंच!" मामांचा आवाज चढे, कपातला चहा बशीत सांडे. "सोमवारी म्हणायचं शस्त्रांचा माल थांबवतो, गुरुवारी म्हणायचं पाठवतो, आणि वर गिऱ्हाइकालाच दम द्यायचा की तुम्ही आभार नीट मानत नाही. आमच्याकडे असा सप्लायर असता तर गेटच्या आत घेतला नसता. आणि हे फोटो बघा. गालिचा, झेंडे, हस्तांदोलन. ज्याचं घर पडलंय तो कुठाय ह्या फोटोत?"

"अरे मामा, निदान प्रयत्न तरी करतोय ना तो?" मुग्धा एकदा म्हणाली. "बाकीचे नुसते बसलेत."

"प्रयत्नाचे मार्क शाळेत असतात," मामा म्हणाले. "ब्रेकला नसतात."

मला हसू यायचं. वाटायचं, निवृत्त माणूस, हाताला काम नाही, त्यात टीव्ही जर्मन. चिडायला एक अध्यक्ष मिळाला तर बिघडलं कुठे? या रागाची मुळं आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर आहेत हे मला फार उशिरा कळलं.

तळमजल्यावर हालिना राहते. युक्रेनची, पन्नाशीची, तिकडे शाळेत गणित शिकवायची. इथे ती सकाळी जर्मनच्या वर्गाला जाते आणि दुपारी एका बेकरीत काम करते. तिचा नवरा वीज मंडळात तारा जोडतो. बॉम्ब पडले की वीज जाते, वीज गेली की याला खांबावर चढावं लागतं, म्हणून तो तिकडेच राहिला. मामांची आणि तिची गाठ कचऱ्याच्या डब्यांपाशी पडली. दोघांचं जर्मन मिळून एका वाक्याला पुरत नव्हतं, तरी रोज अर्धा अर्धा तास काय बोलायचे कोण जाणे. मामा तिला "बाई" म्हणत, ती मामांना "ओंकेल", म्हणजे काका. तिच्या गृहपाठाच्या वहीतून मामा शब्द शिकत, आणि मुग्धाने केलेली शंकरपाळी डब्यात घालून खाली नेत. खाली जाताना मात्र फाइल वरच राही. अध्यक्षांचा विषय मामा तिच्यापुढे काढत नसत, कारण तिला त्या माणसाचा राग नव्हता. "कदाचित तो संपवेल," ती म्हणायची. ज्याला आपलं माणूस परत हवं असतं तो बातमीला खोटं म्हणायला धजत नाही. मामांचा जीव त्यानेच तुटायचा.

ऑगस्टमध्ये एका सकाळी नेहमीसारखी बातमी आली. अध्यक्ष म्हणाले, दोन्ही बाजूंशी बोलणं झालंय, युद्ध संपल्यातच जमा आहे. मी कामावर गेलो. मामांनी फॉर्म काढला का, हे पाहायलाही थांबलो नाही. पुढच्या आठवड्यात त्या बोलण्याचं काहीच झालं नाही. पुन्हा रॉकेटं, पुन्हा वीज गेली. आणि शनिवारी हालिना आमच्या दारात उभी, हातात एक कागद, चेहरा पांढराफटक. तिने जागा सोडत असल्याची नोटीस दिली होती. इथे तिला क्युंडिगुंग म्हणतात, आणि एकदा ती पोचली की मागे घेणं आपल्या हातात राहत नाही. घराची व्यवस्था बघणाऱ्या ऑफिसचं उत्तर आलं होतं, नोटीस मिळाली, अमुक तारखेला किल्ल्या द्याव्यात. या गावात घर मिळायला तिला दीड वर्ष लागलं होतं.

"पण तू नोटीस दिलीसच का?" मी विचारलं.

तिने मामांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मामा सोफ्यावरून उठले. मांडीवरची फाइल खाली पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.

"मी सांगितलं त्यांना," ते म्हणाले. "क्रीग फेर्टिग. युद्ध संपलं."

बातमी आली त्या सकाळी हालिना आपल्या पाळीचा जिना पुसत होती. तीन दिवस नवऱ्याचा फोन लागत नव्हता. बादलीतलं पाणी गार झालं होतं आणि बाई एकच पायरी पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मामांना ते बघवलं नाही. हातात फोन होता, फोनमध्ये बातमी होती. ज्या बातमीवर ते आमच्यापुढे तासभर तडकले असते, तीच त्यांनी दोन शब्दांत खाली देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन लागला, तो सुखरूप होता, आणि हालिनाला वाटलं, ओंकेल म्हणाले ते खरंच. तिने नोटीस लिहिली आणि बॅग भरली.

"चाळीस वर्षांत मी कधी सही बघितल्याशिवाय तक्रार बंद केली नाही हो," मामा मला म्हणाले. "कधी नाही."

मला तेव्हा मामांची कीव आली, आणि अध्यक्षांचा जो संताप आला तो अजून गेलेला नाही. एखादा माणूस महासत्तेच्या खुर्चीत बसून, टाळ्या मिळाव्यात म्हणून सकाळी एक वाक्य फेकतो, आणि त्या वाक्यावर विसंबून इकडे एक बाई आपलं छप्पर सोडते. त्याला हे कधी कळणारही नाही. दुपारी तो दुसरंच बोलतो. या बेफिकिरीला नेतृत्व म्हणायचं?

सोमवारी मी रजा घेतली आणि आम्ही तिघं त्या ऑफिसात गेलो. टेबलामागे साखळीला चष्मा बांधलेल्या एक बाई होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की नोटीस ती नोटीस, आणि जागेसाठी पुढची माणसं रांगेत आहेत. मी वळणार तेवढ्यात मामांनी पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. रविवारी दुपारभर बसून त्यांनी तो भरला होता आणि माझ्याकडून ओळ न् ओळ जर्मनमध्ये करून घेतली होती. बिघाड: चुकीच्या माहितीवरून नोटीस. तूर्तास उपाय: बॅग उघडली. मूळ कारण: मी. त्यापुढे मामांचं पूर्ण नाव, वय आणि पासपोर्ट नंबर. पुन्हा होऊ नये म्हणून: खात्री झाल्याशिवाय यापुढे कुणालाही चांगली बातमी देणार नाही. अभिनंदनाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

बाईंनी चष्मा लावला आणि एकेक रकाना बोट ठेवून वाचला. "मूळ कारण" वर त्यांचं बोट जरा रेंगाळलं.

"आल्झो, असं आहे," त्या मला म्हणाल्या, "इथे रोज माणसं येतात. त्यांच्या मते चूक नेहमी पोस्टाची असते." मग त्या आतल्या खोलीत गेल्या, कुणाशी तरी बराच वेळ बोलल्या, आणि परत येऊन हालिनाच्या नोटिशीवर रद्द केल्याचा शिक्का मारला.

"गेनाऊ!" मामा म्हणाले.

परतताना बसस्टॉपच्या बाकावर ते टेकले. मग एकदम भडकले. "इतकंच तर असतं हो! एक शब्द लिहायचा असतो. मी. एवढ्या मोठ्या माणसाला एवढा लहान शब्द लिहिता येऊ नये?" शेजारी हालिना मांडीवर शिक्क्याचा कागद दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिला मराठी कळत नव्हतं. तिने पर्समधून बेकरीतला एक पाव काढून मामांच्या हातात दिला. मामांनी तो खाल्ला आणि कड कच्ची आहे का हे बघितलंही नाही.

सप्टेंबरात व्हिसा संपला. जायच्या आदल्या दिवशी मामांनी एक नवा फॉर्म खाली नेला. तक्रार: युद्ध. सगळे रकाने कोरे, फक्त नवव्या ओळीवर, तक्रारदाराच्या सहीपुढे, हालिनाचं नाव. निवृत्त होताना कारखान्याने दिलेलं शाईचं पेनही त्यांनी तिला देऊन टाकलं. हालिनाने तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला आणि शेजारच्या खिळ्याला पेन अडकवलं.

आता अध्यक्ष काही जाहीर करतात तेव्हा आमच्याकडे सकाळी चिंचवडहून फोन येतो. चौकशी वगैरे काही नाही. "जावईबापू, खाली जाऊन या. बाईंनी सही केली का?" सुरुवातीला मी कंटाळायचो, कामावर जायची घाई असते. आता मुकाट्याने जातो. परवाही गेलो. हालिना दार उघडून मला आत घेऊन गेली. ओळ कोरीच होती. पण फॉर्मच्या शेजारी तिने दुसरा एक कागद लावलाय, आणि त्यावर छोट्या छोट्या निळ्या रेघा आहेत, एकाखाली एक. शाई वाळू नये म्हणून दर रविवारी ती पेन चालवून बघते.

वर येऊन मी मामांना सांगितलं.

"बरं," मामा म्हणाले. "बाईंना म्हणावं, टोपण घट्ट लावत जा."