तिखटाचा दिंड

किस्से म्हणजे बिनडब्याची झाकणं. फेकवत न्हाईत, कशाला बसत न्हाईत, फळीवर नुसती साचून राहतात. आमच्याबी फळीवर लई साचलेत. आमच्या म्हणजे मी, माझा दोस्त निवृत्ती, त्याची बायको भागीरथी वहिनी, आन भांड्यांना कल्हई करणारे रहीमभाई. गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. आन सगळ्या किश्श्यांचं मूळ एकच, नागपंचमीचे दिंड!

*

दिंड म्हणजे वाफेवरची पुरणपोळी समजा. पंचमीला चिरायचं न्हाई, तळायचं न्हाई, रानात नांगर धरायचा न्हाई, चुलीवर तवा ठेवायचा न्हाई. तवा म्हणजे नागोबाचा फणा! मग गोड करायचं कसं? बायांनी डोकं लावलं. कणकेच्या पुरीत पुरण ठेवायचं, चारी कडा मुडपून चौकोनी घडी घालायची. पितळी पातेल्यात पाणी, वर कापसाच्या पऱ्हाट्या आडव्यातिडव्या, त्याच्यावर ओलं फडकं, फडक्यावर दिंड, आन झाकण. मग तूप ओतून हाणायचं!

निवृत्तीच्या आईला मी एकदा इचारलं, "काकू, पहिला दिंड कोणी केला असंल?"

म्हातारी म्हणली, "जिला पोळ्या लाटायचा कटाळा आला, तिनं. नागोबाचं नाव मागून लावलं!"

*

एका पंचमीला वहिनीची पाठ फिरली आन मी एका दिंडात पुरणाच्या जागी ठेचा भरला. तो नेमका आला निवृत्तीच्या ताटात. म्हणलं, आता उड्या मारतंय! गड्यानं सगळा खाल्ला. तोंडावर काही न्हाई. फक्त कान लालभडक!

"निवऱ्या, कान काऊन लाल झाला रं?"

"वाफ लागली."

तवापासून रीतच पडली. दरसाल एक दिंड तिखटाचा. ज्याला येईल त्यानं तोंडावर दाखवायचं न्हाई. दाखवलं तो हरला! निवृत्ती कधीच हरला न्हाई. रहीमभाई पहिल्याच घासाला आडाकडं पळाले, "या अल्ला, नाग डसला रे!" वहिनी हसून हसून खाली बसली. म्हणली, "तुम्हाला तिघांला दावणीला बांधाया पाहिजे!"

*

मग भूकंप झाला. गणपती बुडवून गाव झोपलं, ते ढिगाऱ्यातच. निवृत्ती गेला. म्हातारी गेली. पितळी पातेलं तेवढं सापडलं, चेपलेलं. रहीमभाईंनी ते ठोकून सरळ केलं, कल्हई केली, आन वहिनीच्या पत्र्याच्या शेडात नेऊन ठेवलं.

पुढची पंचमी आली. शेजारची एक बाई म्हणली, "कोणीतरी पंचमीला नांगर धरला असंल, त्याबिगर जमीन हालती व्हय!"

वहिनी म्हणली, "माझ्या घरात पंचमीला कधी विळी सुदिक उघडली न्हाई. मग?"

 

वहिनीनं पातेलं पालथं घातलं. "आता माझ्या हातानं दिंड व्हायचे न्हाईत, भावजी."

*

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. नांदेड, देगलूर, चाकूर, कुठून कुठून पोरंपोरी डॉक्टर व्हायला येऊन राहिली. वहिनीनं तिथं मेस काढली. भाजी आणायला मी, भांड्यांना रहीमभाई.

एकानं इचारलं, "काका, तुमचं शिक्षण किती?"

म्हणलं, "दुसरी. तीन वेळा बसलो."

पोरगं खूष! "मग तर तुम्हीबी रिपीटर!"

*

मेसमधी सगळं व्हायचं, इडली व्हायची, ढोकळा व्हायचा. दिंड न्हाई. दर पंचमीला मी म्हणायचो, "वहिनी, पातेलं?"

"पालथंच बरं हाय."

रहीमभाई मात्र दरसाल त्याला कल्हई करायचे. म्हणलं, "न वापरलेल्या भांड्याला कल्हई? डोकं फिरलं का, भाई?"

म्हणले, "काम कब निकलेगा, क्या मालूम! भांडा तयार होना."

*

एका पंचमीला पोरींनी बाहेरून मोमो आणले. देगलूरची पोरगी म्हणली, "मौशी, खाऊन बघा. वाफेवरचेच हायत, चालतंय आज."

वहिनीनं एक उचलला. उलटा केला, सुलटा केला. "ही घडी म्हणायची? सगळी वाफ बाहेर! आमच्या मालकानं सुदिक ह्याच्यापेक्षा बरी घातली असती!"

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून निवृत्तीचं नाव न्हाई, साधी आठवण न्हाई. मी खाली बघितलं. रहीमभाई उठले, आन हळूच पातेलं उताणं केलं.

वहिनीनं बघितलं. "हे कोणी केलं?"

"मैं नै, भाभी. अपने आप हुआ!"

वहिनी बघतच राहिली पातेल्याकडं. मग माझ्यावर वसकली, "तोंड काय बघता, भावजी? डाळ शिजाया टाका!"

पऱ्हाट्या लातुरात कुठल्या? इडलीची चाळणी टाकली. घड्या घालताना मला दारातच अडवलं, "आत पाय टाकला तर याद राखा!"

दिंड झाले. देगलूरची म्हणली, "आमच्याकडं, तेलंगी शिवेला, असंच कुडुमु करतात." दुसरी म्हणली, "हे तर पुरणाचे मोमो!" वहिनी म्हणली, "मोमो असंल तुझा मास्तर!" सगळ्यांनी खाल्ले. सगळ्यांचे गोड. माझा गोड. रहीमभाईंकडं बघितलं, त्यांचाबी गोड.

वहिनी शेवटी बसली, आमच्या समोरच. एक दिंड घेतला. सावकाश, सगळा खाल्ला. पाण्याला हात न्हाई. तोंडावर काही न्हाई.

म्हणलं, "वहिनी, कान काऊन लाल झाला?"

तिनं पदर कानावर ओढला.

"वाफ लागली, भावजी."