फ्रीमाँट स्ट्रीटवरची फुगडी

लास वेगासच्या जुन्या फ्रीमाँट स्ट्रीटवर भर दुपारी बँड वाजत होता. "जुगाराच्या गल्लीत कशाला आणलंस गं?" आई कुरकुरली.

बाकावरची एक गोरी आजी आपणहून सांगू लागली, "पूर्वी या रस्त्याच्या टोकाला आगगाडी थांबायची. माझे वडील इथल्या कॅसिनोंच्या रंगीत दिव्यांच्या पाट्या बनवायचे."

मी ते आईला मराठीत सांगितलं. ओसाड वाळवंटात उतरून आधी रंगीत दिवे लावणारी माणसं! मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

एवढ्यात आजी उठून नाचू लागली आणि तिनं आईपुढे हात केले. बाबा गेल्यापासून गप्पगप्प असलेली आई क्षणभर घुटमळली. मग तिनं पदर खोचला, आजीचे हात घट्ट धरले आणि चक्क फुगडी घातली.

धापा टाकत आई मला म्हणाली, "विचार तिला, उद्या येणार का?"