न विचारता दिलेला अर्ज

नवी मुंबईतल्या एका महापालिका शाळेत मी पाचवीला शिकवत होते. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन नागपूरला. कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच. बोलणं-चालणं जे काही व्हायचं ते शाळेतच.

दर श्रावणात शाळेत सत्यनारायणाची पूजा असायची. सगळे वर्ग हॉलमध्ये बसवायचे. मुलं रांगेने पाया पडायची, प्रसाद घ्यायची आणि वर्गात जायची. प्रसादाचा शिरा माझ्याकडे असायचा, आणि अख्खा स्टाफ त्याचं कौतुक करायचा. देवाधर्माचं मला मनापासून आवडतं, आजही.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक नवी मुलगी आली होती. रांगेत तिचा नंबर आला तशी ती हळूच म्हणाली, "बाई, मी पाया नाही पडणार. आम्ही बौद्ध आहोत."

शेजारच्या वर्गाच्या बाईंनी ते ऐकलं. "एकदा वाकलीस तर काय होतंय? सगळे पडतायत ना?"

मुलगी वाकली नाही. हात मागे बांधून उभी राहिली. रांग खोळंबली, मुलं हसायला लागली. आणि मी काय केलं? "बरं, जा तू वर्गात," म्हणून तिला एकटीला पाठवून दिलं.

नंतर वर्गात गेले तर ती मान खाली घालून वहीला समास आखत बसली होती. पानामागून पान. मला फार लाज वाटली. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कुठल्याच धर्माचं शिक्षण देता येत नाही, हे मला ठाऊक होतं. ते आमच्या हॉललाही लागू आहे, असं इतक्या वर्षांत मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. शाळेच्या वेळात पूजा नको, मुलांवर सक्ती नको. उदाहरण म्हणून त्या मुलीचं नाव लिहिलं.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही? अहो, प्रसाद तर तुम्हीच करता!"

"हो सर."

"मग? ही आपली संस्कृती आहे. यात धर्म कुठे आला?"

"त्या मुलीच्या घरची ती नसेल तर, सर?"

त्यांनी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं. जिच्याबरोबर अकरा वर्षं डबा वाटून खाल्ला, ती एवढंच म्हणाली, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती गं." मी रिकाम्या वर्गात जेवायला लागले.

आठवड्याभराने मुलीचे वडील आले. वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी होते. आभार मानायला आले असतील, असं मला वाटलं.

"बाई, अर्जात माझ्या पोरीचं नाव घातलंत. मला विचारलं होतंत का?"

"तिच्यासाठी कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून..."

"ती बोलली की! रांगेत, सगळ्यांसमोर. मीही येऊन बोलणारच होतो. आता सगळे म्हणतात, हिला बाईंनी पढवलं." आवाज चढलेला नव्हता. "तुमचं मन चांगलं आहे. पण आमचं आम्हाला बोलू द्यायचं होतं."

मी माफी मागितली. त्यांच्या सांगण्यावरून माझा अर्ज मागे घेतला. त्यांनी तिथेच बसून स्वतःचा लिहिला, चार ओळींचा, खाली ठसठशीत सही.

पुढच्या वर्षी पूजा रविवारी ठेवली. ज्यांना यायचं त्यांनी यावं. मला कुणी निरोप दिला नाही. गेले असते तर कुणी अडवलंही नसतं. सकाळी अंघोळ करून, चांगली साडी नेसून मी बसून राहिले. मग लेकीला फोन लावला.

"आई, कशाला पडलीस त्यात?" ती म्हणाली.

तिला काय सांगणार? पूजेबद्दल मी चुकले असं मला आजही वाटत नाही. त्या मुलीबद्दल चुकले. आणि दोन्हीकडून एकटी पडले.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"हो," म्हटलं. फोन ठेवला, साडी बदलली आणि कुकर लावायला उठले.